माथेरानच्या मिनी ट्रेनला ग्रुप नेताना

नेरळहून मिनी ट्रेनने जायचं ठरलं की लोक आधी टोप्या आणि चिक्कीचा हिशेब मांडतात. मी तिकिटापासून सुरू करते. खिडकीवर अठरा जणांचं एकत्र तिकीट काढलं की त्यावर माणसांचा आकडा येतो, नावं येत नाहीत. म्हणून आदल्या रात्रीच नावं, वयं आणि घरचे फोन कागदावर उतरवायचे, एक प्रत घरी कुणाकडे तरी ठेवायची. तिकीट हातात आलं की लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, कारण संध्याकाळपर्यंत खिशात त्याचा लगदा झालेला असतो.

एवढा खटाटोप का, तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४अ मुळे. चालत्या गाडीतून प्रवासी चुकून पडला तर भरपाईसाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास आठ लाख, जखमांचे दर वेगळे. पण अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत जायला हवा. तिकीट सापडलं नाही म्हणजे दावा संपला असं नाही. रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, की वारसांनी प्रतिज्ञापत्रावर मूळ हकिकत मांडली की पुढचं सिद्ध करायचं ओझं रेल्वेवर जातं. तरी कोर्टात हकिकत मांडण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.

याच कलमात एक अपवाद आहे: नशेत केलेल्या कृत्यातून अपघात झाला तर भरपाई नाही. ‘थोडीशी चालेल ना?’ असं विचारणाऱ्याला मी उत्तर म्हणून हेच कलम पाठवते.

गाडी दोन फुटी रुळांवरून रमतगमत चढते, आणि धोका नेमका तिथेच आहे. वळणावर उतरून फोटो काढू, पळत चढू, असं धडधाकट माणसांनाही वाटतं. रेल्वे कर्मचाऱ्याने हटकल्यावरही पायरीवर लटकत राहणं हा कलम १५६ खाली गुन्हा आहे, शिवाय पुढे रेल्वेच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. दाराजवळच्या जागा मी पोरांना देतच नाही.

गाडी आहे का, हे त्याच आठवड्यात बघा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) बंद असते, अमन लॉज ते माथेरान ही वरची शटल तेवढी चालते. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले आणि सेवा थांबली, २०१९ च्या पावसात रूळच वाहून गेले, पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला.

स्टेशनबाहेर घोड्यावर बसलात की रेल्वेची जबाबदारी संपली. पैसे घेऊन सहल नेणाऱ्याची मात्र चालू राहते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलं तरी त्याच्या हलगर्जीपणावर पांघरूण पडत नाही, ग्राहक संरक्षण कायदा आहे. मी ती सही घेणं सोडलं. त्याऐवजी दमा, रक्तदाब, चालू गोळ्या विचारून घेते.

वळणांनी मळमळणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या घ्या, पण पिशवी वर दिसू देऊ नका. माकडांनी पळवलेल्या पिशवीला कुठलंच कलम लागत नाही.