हातोडी, हसू आणि वहीतली रेघ

प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावं शाळेपासून पाठ. नागपूरला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आले आणि तीच मंडळी सेरेब्रम, सेरेबेलम, मेड्युला होऊन भेटली. मराठी माध्यमातून येणाऱ्यांनो, नावांना घाबरू नका, ती बसतात. मला नडली ती भलतीच सवय. वहीत मधोमध रेघ मारून एकीकडे ऐच्छिक हालचाली लिहिल्या, दुसरीकडे अनैच्छिक, आणि तेवढ्या बळावर वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेले.

"श्वास कुठल्या रकान्यात?"

"अनैच्छिक, सर."

"मग जरा रोखून धर बरं."

धरला. आणि गप्प बसले, दुसरं काय करणार!

श्वासाची लय मेड्युला सांभाळतो, अगदी झोपेतसुद्धा. पण फुंकर मारायची, सूर लावायचा, तर मोटर कॉर्टेक्स, म्हणजे ऐच्छिक हालचालींचा हुकूम देणारा मेंदूचा भाग, त्याच स्नायूंना कामाला लावतो. स्नायू तेच, मालक दोन.

खरा गोंधळ वॉर्डात होतो. गुडघ्याच्या वाटीखाली तपासणीची रबरी हातोडी मारली की पाय उडतो, तो मज्जारज्जूच्या पातळीवरच. मेंदूला कळतं मागाहून. मग उजव्या बाजूला लकवा मारलेल्या आजोबांचा तोच पाय डाव्यापेक्षा जोरात का उडाला? कारण मेंदू एरवी या झटक्याला लगाम घालून असतो. डाव्या मेंदूतून निघालेले बहुतेक तंतू मेड्युलात बाजू बदलून उजवीकडे उतरतात. ती वाट तुटली की लगाम सुटतो. सुरुवातीचे दिवस मात्र अंग लुळं असतं, तेव्हा झटका मिळेलच असं नाही. मी तेव्हा हातोडीलाच दोष दिला होता.

त्याच आजोबांना "हसून दाखवा" म्हटलं की तोंड वाकडं व्हायचं. एकदा नात डबा घेऊन आली, तर्री पिशवीभर सांडलेली. आजोबा खळखळून हसले, दोन्ही गालांनी! आपसूक आलेल्या हसण्याची मेंदूतली वाट वेगळी असते. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं त्या दिवशी. घरी आल्यावर रेघ खोडली. आता प्रत्येक हालचालीपुढे तिचा रस्ता लिहिते: निघाली कुठून, बाजू कुठे बदलली, लगाम कोणाचा.

हातोडी मेडिकल चौकाच्या आसपास मिळेल. आधी होस्टेलच्या मैत्रिणींवर सराव करा. पाय हलला नाही तर तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि तेवढ्यात मारा. फक्त समोर बसू नका. मी एकदा लाथ खाल्ली आहे.