लांदेवेनेकला निघण्याआधी

व्हिसा, विमानाचं तिकीट आणि पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून ब्रेस्टपर्यंतची रेल्वे एवढं उरकलं, की खरी तयारी सुरू होते. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातलं लांदेवेनेक म्हणजे ओन नदी ब्रेस्टच्या खाडीला मिळते तिथलं, पाचशेच्याही आत वस्ती असलेलं गाव. ब्रेस्टहून भाड्याची गाडी घेणं सोयीचं, त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच आरटीओतून काढून न्या. तेरेनेझचा वळणदार पूल ओलांडला की गाव जवळ आलं. नदीच्या वळणावर नौदलाची जुनी जहाजं भंगारात जाण्याची वाट पाहत नांगरून ठेवतात. ती वरून पाहायला दुर्बीण हवी.

सगळ्यात आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा, मगच मुक्कामाचे दिवस ठरवा. फ्रेंच तक्त्यात भरतीच्या जोराला २० ते १२० असा आकडा देतात आणि तो मुळात ब्रेस्टच्या बंदरावरूनच काढतात. ९५च्या पुढे गेला की आपल्या कोकणातलं उधाण समजा, ४५च्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. मोठ्या उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणून माझा आग्रह आहे, की दोन तासांत गाव उरकू नका, निदान एक भरती आणि एक ओहोटी तिथेच राहा. ओहोटीच्या चिखलासाठी रबरी बूट घ्या. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीचा रेनकोट घ्या.

मठ दोन आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा. किनाऱ्यालगतचे अवशेष आणि संग्रहालय म्हणजे जुना मठ. परंपरा त्याची स्थापना पाचव्या शतकातल्या संत ग्वेनोलेकडे नेते. ८१८मध्ये इथे संत बेनेडिक्टचे मठजीवनाचे नियम लागू झाले, ९१३मध्ये व्हायकिंगांनी मठ उद्ध्वस्त केला, पुन्हा उभा राहिलेला मठ फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडला. १९५०मध्ये भिक्षूंनी जागा परत विकत घेतली आणि वर टेकडीवर नवा मठ बांधला. तिथे प्रार्थना रोज चालते. वेळा आधी बघून ठेवा, अंगभर कपडे घाला, फोन बंद ठेवा.

एक चित्र मात्र फोनमध्ये उतरवून न्याच. इथल्या भिक्षूंचं मानलं जाणारं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं शुभवर्तमानांचं (येशूच्या चरित्रग्रंथांचं) हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यात शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत मार्कला घोड्याचं तोंड आहे, कारण ब्रेटन या ब्रिटनीच्या भाषेत ‘मार्ख’ म्हणजे घोडा, असा अर्थ अभ्यासक लावतात. त्या भग्न भिंतींपाशी उभं राहून ते चित्र पाहिलं, की तिथे लिहीत बसलेली माणसं जवळची वाटू लागतात.

शाकाहारी असाल तर ‘हॅम नको’ हे फ्रेंचमध्ये पाठ करा. कुट्टूच्या पिठाचा गालेत, म्हणजे धिरड्यासारखा पदार्थ, चीज-अंड्यासह पोटभरीचा होतो. ब्रेटनमध्ये ‘देमाट’ म्हणजे नमस्कार, ‘केनावो’ म्हणजे येतो. परतीच्या बॅगेत थोडी जागा ठेवा, भिक्षू फळांच्या गराच्या वड्या करून विकतात.