मागणीनुसार थांबणाऱ्या जर्मन गाडीत चढता-उतरताना

बव्हेरियाच्या जंगलपट्ट्यात त्स्वीझेलहून ग्राफेनाऊ किंवा बोडेनमाइसकडे जाणाऱ्या वाल्डबान या स्थानिक रेल्वेसारख्या शाखामार्गांवर कित्येक लहान स्थानकांवर गाडी केवळ प्रवाशाने मागणी केल्यास थांबते, आणि ठाऊक नसलेल्या प्रवाशाच्या देखत गाडी न थांबता पुढे निघून जाते.

१. वेळापत्रकात आपल्या स्थानकापुढे ‘बेडार्फ्सहाल्ट’ (मागणीनुसार थांबा) अशी नोंद किंवा फुलीचे चिन्ह आहे का, ते प्रवासाआधीच पाहावे.

२. उतरायचे असल्यास आधीचे स्थानक सुटताच दाराजवळचे थांब्याचे बटण दाबावे. स्थानक दिसू लागल्यावर दाबले, तर चालकाला गाडी आवरायला पुरेसे अंतर उरत नाही.

३. चढायचे असल्यास, पाऊस असला तरी, गाडी येण्याच्या सुमारास निवाऱ्यातून बाहेर येऊन चालकाला स्पष्ट दिसेल असे फलाटावर उभे राहावे. काही मार्गांवर फलाटावरही बटण असते. तेथे ते दाबणे आवश्यकच असते.

४. गाडी थांबल्यावर दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नये, दारावरचे बटण दाबावे.

ग्राफेनाऊच्या मार्गावर साधारण दोन तासांनी एक गाडी असल्याने शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच टिपून ठेवावी.