रशियाच्या छोट्या गावांतील वाटेवरची नवलस्थळे कशी पाहावीत

उंदरांचे संग्रहालय, काकडीचे स्मारक किंवा पाण्यातून वर आलेला घंटामनोरा अशा गोष्टी रशियाच्या लहान गावांतून जाताना वाटेत भेटतात. गाडी थांबवून छायाचित्र घेतले आणि पुढे निघालो, असे केल्यास त्यांतले बरेच काही हातचे जाते. ही स्थळे त्या गावाच्या इतिहासातून, व्यापारातून किंवा एखाद्या दंतकथेतून उभी राहिलेली असतात. त्यामुळे मागची गोष्ट आधी वाचून ठेवावी, गावे मोजकीच निवडावीत आणि प्रत्येकाला निदान अर्धा दिवस द्यावा.

पहिल्या प्रवासासाठी मॉस्कोच्या उत्तरेकडील व्होल्गाकाठची काल्याझिन, उग्लिच, मिश्किन आणि रिबिन्स्क ही ओळ मला सर्वांत योग्य वाटते. उग्लिचच्या धरणामुळे १९३९-४० च्या सुमारास काल्याझिनचा जुना भाग पाण्याखाली गेला. तेथील मठाच्या चर्चचा १८०० साली बांधलेला, सुमारे ७४ मीटर उंचीचा घंटामनोरा मात्र तसाच राहिला. तो काठावरून निवांत पाहावा. जवळून एखादी होडी गेली, की त्याच्या उंचीचा खरा अंदाज येतो आणि त्याच्याभोवती एके काळी रस्ते व घरे होती, हे मनाला जाणवते.

उग्लिचमध्ये व्होल्गाच्या काठी लाल भिंतींचे आणि निळ्या घुमटांचे चर्च आहे. तेथे ठेवलेल्या घंटेसाठी वेळ राखून ठेवावा. १५९१ साली राजपुत्र द्मित्री आठव्या वर्षी मरण पावला, तेव्हा हीच घंटा वाजवून लोकांना गोळा करण्यात आले आणि गावात दंगल उसळली. शिक्षा म्हणून घंटेला फटके मारण्यात आले, तिची जीभ काढण्यात आली, टांगण्याचा कान तोडण्यात आला आणि तिला सायबेरियातील तोबोल्स्कला हद्दपार करण्यात आले. ती १८९२ मध्ये, म्हणजे तब्बल तीनशे वर्षांनी परतली. ही हकिकत ठाऊक असलेल्या माणसाची नजर आपोआप घंटेच्या वरच्या भागाकडे जाते.

मिश्किन हे नावच उंदरावरून पडलेले आहे. नदीकाठी झोपलेल्या एका सरदाराच्या चेहऱ्यावरून उंदीर पळाला, त्याला जाग आली आणि जवळ येणारा साप दिसला, अशी दंतकथा सांगतात. गावाच्या बोधचिन्हावरही उंदीर आहे. उजव्या काठाच्या रस्त्याने येणाऱ्यांना फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते, म्हणून तिच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात.

रिबिन्स्कच्या जुन्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या क्रांतिपूर्व शैलीत रंगवलेल्या आहेत. या पाट्यांवरील शब्दांच्या शेवटी ‘ъ’ हे अक्षर शोधावे. १९१८ च्या लेखनसुधारणेत ते शब्दान्तातून वगळले गेले होते. रशियन भाषेची सिरिलिक लिपी आठवडाभर आधी शिकून घेतली, तर असे बारकावे दिसू लागतात. ‘पाम्यात्निक’ म्हणजे स्मारक आणि ‘मुझेय’ म्हणजे संग्रहालय, एवढे दोन शब्दही नकाशात शोध घेताना फार कामी येतात.

परदेशी बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड ही कार्डे २०२२ पासून रशियात चालत नाहीत, म्हणून रोख रूबल जवळ बाळगावेत. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. शिवाय महिन्यातून एक दिवस साफसफाईसाठीही ती बंद ठेवतात. लष्करी ठिकाणांची छायाचित्रे काढू नयेत, आणि धरणाजवळही कॅमेरा आवरता घ्यावा.

दिशा बदलायची असल्यास मॉस्कोच्या आग्नेयेकडे, र्‍याझानच्या वाटेवर लुखोवित्सी लागते. काकडी पिकवून संसार चालवणाऱ्या या गावाने आपल्या अन्नदात्या काकडीचे स्मारक उभारले आहे. ते पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. पुढे र्‍याझानमध्ये ‘आमच्याकडची अळंबी डोळ्यांची’ या जुन्या म्हणीवरून केलेले अळंब्यांचे शिल्प आहे.

एक दिवस शिल्लक राहिला, तर तो व्होल्गाकाठच्याच कोस्त्रोमा शहराला द्यावा. तेथील लेनिनचा पुतळा ज्या भव्य चौथऱ्यावर उभा आहे, तो मुळात रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीला १९१३ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाल्याच्या स्मारकासाठी बांधायला घेतला होता. स्मारक अपुरे राहिले आणि १९२८ मध्ये त्यावर लेनिन चढवण्यात आला. आधी फक्त चौथऱ्याभोवती फिरावे आणि मगच मान वर करून पुतळा पाहावा.