ठेच्याचा लेख तपासताय? मग या चुका टाळा

कुणालाही लिहिता-बदलता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशातले खाद्यपदार्थांचे लेख तपासायला बसलं की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात, आणि लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याच्याच जास्त. लिहिणारा उत्साहाच्या भरात चार गोष्टी जास्तीच्या लिहून जाणारच. पण तपासणाराच वरवर नजर टाकून ‘छान लेख’ असा शेरा मारून मोकळा झाला, की ती चूक वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकते आणि शाळेच्या प्रकल्पांत, बातम्यांत, रीलमध्ये फिरत राहते. ठेच्याचंच उदाहरण घेते. तो सगळ्यांनी खाल्लेला असतो, त्यामुळे त्यातलं आपल्याला कळतं असं प्रत्येकालाच वाटतं.

संदर्भ मोजू नका, उघडून वाचा

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. एका कार्यशाळेत ठेच्याचा जुना लेख वाढवून, ‘तपासून झाला’ म्हणून माझ्याकडे आला. तळाशी संदर्भांची लांबलचक यादी, वाक्यावाक्याला निळे आकडे. तपासणाऱ्याचा शेरा होता: भरपूर संदर्भ, उत्तम. आणि लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं, की ठेचा महाराष्ट्रात पाच हजार वर्षांपासून खाल्ला जातो. पुढे आणखी एक वाक्य, मावळ्यांच्या शिदोरीत ठेचा असायचाच.

पाच हजार वर्षांचा दावा तर संदर्भ न उघडताच कोसळतो. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० मध्ये. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या पाठोपाठ. ठेच्यात पडणारा शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’मध्ये स्वयंपाकाचं किती बारकाईने वर्णन केलंय, पण त्यात मिरची नाही; तिखटाला मिरी आहे, आलं आहे. हे तपासायला संशोधक असावं लागत नाही. ‘प्राचीन’ हा शब्द दिसला की क्षणभर थांबून, यात काय काय घालतात आणि ते कधी आलं, एवढंच स्वतःला विचारायचं.

मावळ्यांचं वाक्य जास्त घातक, कारण ते अशक्य नाही. सतराव्या शतकापर्यंत मिरची दख्खनेत आलेली होती. पण ‘असेल’ म्हणून ‘होतं’ असं ज्ञानकोशात लिहिता येत नाही, पुरावा लागतो. संदर्भ उघडला, तर ती खाद्यभ्रमंतीची एक वेबसाइट निघाली आणि तिच्यावर तेच वाक्य, शब्दन्‌शब्द तेच. मग लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे आधीचे सगळे बदल तारखेसह दाखवणारं पान, उघडून एकेक आवृत्ती मागे गेले. ते वाक्य कुणी तरी खातं न उघडता, विनासंदर्भ घातलेलं होतं, तेही वेबसाइटवरच्या मजकुराच्या बऱ्याच आधी. वेबसाइटने ते आपल्याच लेखातून उचललं होतं, आणि पुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण काढायची म्हणून कुणी तरी त्याच वेबसाइटचा दाखला जोडला होता. लेख स्वतःचीच साक्ष काढत होता.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. संशय आला की वाक्य कोणत्या तारखेला लेखात आलं ते आधी बघते, संदर्भाची तारीख नंतर. संदर्भ उशिराचा आणि शब्द तेच असतील, तर वाक्य उचलून लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या पानावर, ठेवते आणि कारण लिहिते. याला वेळ लागतो. नव्या मंडळींना नेमका तोच द्यायचा नसतो; त्यांना संध्याकाळपर्यंत दहा लेख हातावेगळे करायचे असतात. आता तर अख्खा लेख एआयला देऊन ‘दर्जा सांग’ म्हणण्याची पद्धत निघाली आहे. संदर्भ उघडून न वाचता दिलेला शेरा माणसाचा असो की यंत्राचा, मी तो धरत नाही. दिवसाला एकच लेख तपासा, पण तपासा.

आणि खरा दाखला हवा असेल तर १८८० च्या दशकातली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचे जिल्हावार माहितीग्रंथ, चाळा. पुणे, सोलापूर, कोल्हापूर अशा खंडांत कोणत्या समाजाच्या रोजच्या जेवणात काय असायचं ते नोंदवलेलं आहे. ‘आमची आजी सांगायची’ हे प्रेमाने ऐकावं, पण संदर्भात घालू नये.

आरोग्याचा परिच्छेद तसाच सोडणं

‘ठेचा प्रतिकारशक्ती वाढवतो, वजन उतरवतो, कर्करोग रोखतो.’ संदर्भाला एखादा शोधनिबंध असतो, म्हणून तपासणारा दबतो. उघडून बघा: प्रयोग कॅप्सेसिनवर, म्हणजे मिरचीला तिखट करणाऱ्या द्रव्यावर, झालेला असतो, तोही उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर. ठेचा कुणी खाल्लेलाच नसतो. क जीवनसत्त्वाचंही तसंच. हिरव्या मिरचीत ते भरपूर असतं हे खरं, पण दिलेला आकडा शंभर ग्रॅम कच्च्या मिरचीचा. भाकरीबरोबर आपण घेतो चमचाभर, तोही तव्यावर परतलेला. त्यातल्या मिठाबद्दल मात्र लेखात चकार शब्द नसतो. अशा परिच्छेदाला मी कात्रीच लावते.

बाकीच्या चुका थोडक्यात. पाककृती म्हणजे लेख नव्हे. ‘चवीनुसार मीठ घाला’ दिसलं की परत पाठवा. ‘खरा ठेचा फक्त आमच्याच जिल्ह्यात’ हे वाक्य कोणत्याही जिल्ह्याचं असो, काढा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, ते मिरचीला. ठेच्याच्या नावावर ते खपवू देऊ नका. बरणीबंद ठेचा विकणाऱ्यांचे दुवे तर पहिल्या फेरीतच उडवा.

फोटोकडे कुणीच बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ठेच्याच्या लेखावर मिक्सरमधून काढलेली गुळगुळीत हिरवी चटणी लावलेली मी कितीदा पाहिली आहे. ज्याने कधी ठेचा खाल्ला नाही, त्याला तीच खरी वाटणार. ठेचा भरड असतो. तव्यावर तेलात परतून मिरचीच्या सालीवर डाग पडलेले, लसणाचे तुकडे वेगळे ओळखू येणारे, बिया सुट्या आणि तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडल्याने सालींचे धागे निघालेले. फोटोत एवढं दिसत नसेल तर तो काढून टाका. लेख काही दिवस फोटोविना राहिला तरी चालेल. पुढच्या वेळी घरी ठेचा कराल तेव्हा खिडकीच्या उजेडात, तवा खाली उतरवल्या उतरवल्या फोटो काढा आणि मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, चढवा.