पूर ओसरल्यावर मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात पेरताय? या चुका टाळा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला जुलैतच आलं. पाणी उतरलं की मळीत वांगी, शाळू (रब्बी ज्वारी), हरभरा हे काठावरचं जुनं गणित, गाळातल्या ओलीवर चालणारं. ओल आजही आहे. बेभरवशाचा झालाय तो नंतरचा पाऊस. 2020 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं किती पेरण्या वाया घालवल्या, आठवा.

सगळ्यात महागात पडते ती घाई. आमचं रान पलूस तालुक्यात, नदीला लागून. 2019 ला वरचा पापुद्रा तडकलेला बघितला आणि ट्रॅक्टर घातला. खाली नुसतं लोणी! निघालेली ढेकळं विटेसारखी वाळली आणि चाकोरीतला हरभरा पिवळा पडून गेला. म्हणून आता आधी खोऱ्यानं वीतभर खणतो. गाळ आणि जुनी माती जिथं मिळते, तिथली मूठभर दाबायची. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर घात आली, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली. चपटा होऊन बसला तर थांबा. हे तीन-चार ठिकाणी बघा, कारण नदीच्या अंगाला रेताड पडतं आणि सखलात चिकट गाळ साचतो. दोन्हींना एकाच दिवशी घात येत नाही.

त्यामुळं सगळं बी एकदम कुरीला (पेरणीच्या अवजाराला) लावू नका. उंचवटा आधी, सखल भाग आठ-दहा दिवसांनी, आणि थोडं बी घरात शिल्लक. ऑक्टोबरचा मध्य उलटला तर शाळूचा हट्ट सोडून हरभरा धरा.

हरभऱ्याला बीजप्रक्रिया टाळणं ही दुसरी मोठी चूक. किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळायची, मग रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे उपयोगी जिवाणू). तरीही झाडं माना टाकायला लागली तर औषधाच्या दुकानात पळण्याआधी एक झाड उपटा. मूळ कुजून काळं पडलं असेल तर रानात पाणी साचतंय. मूळ धड आहे, पण उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसते, तर तो बुरशीचा मर रोग. त्या रानात पुढची काही वर्षं हरभरा नको.

हरभऱ्याला युरिया फेकू नका, नुसता पालाच माजतो.

आणि बांधाकडचा चर गाळानं बुजलाय का, ते पेरणीआधी बघा. उपसताना शेजाऱ्याला बरोबर घ्या, पाणी त्याच्याच रानातून ओढ्याला जातं.