चेतकवरची पांढरी झाक कशी घालवली

बेळगावचा जुलै म्हणजे हवेत ओलच ओल, खानापूरकडे तर विचारूच नका. चेतक हेलिकॉप्टरच्या १/१४४ स्केलच्या मॉडेलवर मॅट लॅकर मारलं आणि हिरव्या रंगावर पांढरी झाक चढली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प ओल्या थरात अडकतं, म्हणून असं होतं. खरवडायची मुळीच गरज नाही.

मॉडेल बल्बच्या उबेत ठेवलं, पण लांबूनच. खऱ्या चेतकचा ११ मीटरचा रोटर इथे जेमतेम साडेसात सेंटिमीटर. तिन्ही पाती केसासारखी, लगेच वाकतात. काचेचा फुगीर भाग टेपने झाकला, थिनरने तो तडकतो. मग रिटार्डर (थिनर सावकाश उडावं म्हणून घालायचं द्रव) मिसळलेल्या थिनरचा एअरब्रशने अगदी हलका फवारा दिला. थर विरघळला, ओल निघाली, हिरवा रंग स्वच्छ दिसू लागला.